चौथं कडवं

"दार लोट, मालू, पण कडी घालू नकोस."

हा आवाज मालूच्या कानात इतकी वर्षं मुक्कामाला होता की तो मुळात कुणाचा, हे आठवायची तिला कधी गरजच पडली नव्हती. रोज कातरवेळी देवापुढं निरांजन लावून ती दाराशी यायची, दार ओढून घ्यायची आणि कडीकडे गेलेला हात आपोआप मागं यायचा. पेणच्या रामवाडीतलं घर, हायवे हाकेच्या अंतरावर. उघड्या फटीतून धूळ आत यायची, गाड्यांचे आवाज यायचे. नवरा दत्तात्रेय खुर्चीतून म्हणायचा, लक्ष्मी काय अजून आली नाय, डास मात्र सगळे येऊन बसले. ती हसायची. दिवेलागणीला दार बंद असलं तर लक्ष्मी माघारी फिरते, असं सासूनंही सांगितलं होतं, त्यामुळं त्या उघड्या दाराचं श्रेय बसल्या जागी सासूकडे गेलं होतं. पण सासूचा आवाज जाडा, तोंडात पान असल्यासारखा. कानातला हा आवाज बारीक होता, स्वच्छ, धुऊन वाळत घातलेल्या पातळासारखा. तो सासूचा नव्हताच. हे तिला कळलं ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी, हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या डाव्या डोळ्यात बुबुळ भरताना, आणि कळलं तेव्हा हातातला ब्रश असा काही सरकला की गणपती तिच्याकडे तिरका बघायला लागला.

तसं घडलं काहीच नव्हतं. शेजारी बसून पितांबर रंगवणारी अपेक्षा तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती, एवढंच. अपेक्षा रोह्याची, गेल्या वर्षी लग्न होऊन हमरापुरात आलेली, बडबडी पोरगी. ती रोजच काहीतरी गुणगुणायची, बहुतेक मोबाईलवरचं. पण आज तिच्या तोंडून निघालं ते मोबाईलवरचं नव्हतं. दिवा लाव बाई, रात आहे फार. कोण कधी येईल, उघडं ठेव दार. चाल जात्यावरच्या ओवीसारखी सुरू होते आणि मधेच, चढावर, दम लागल्यासारखी क्षणभर थांबते. त्या थांब्यावर मालू केव्हातरी उभी राहिलेली होती. परकराच्या ओच्यात शेंगा घेऊन, एका पायावर. ती चटकन वळली, ओठ उघडले, आणि तिनं ते पुन्हा मिटले. डोळे आखताना बोलायचं नाही हे तिचं व्रत होतं. कुणी लावून दिलेलं नव्हतं, तिचं तिनंच घेतलेलं. बाकीचे हात, पाय, सोंड, दागिने रंगवायचे; शेवटी मूर्ती मालूपुढं यायची आणि तिचे दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत मालू मुकी. मालक हाका मारून दमले तरी ती नुसता डावा हात वर करायची. त्यात ही मूर्ती परदेशी बोटीनं जाणारी, घाईची. मालूनं ओल्या फडक्यानं तिरका डोळा पुसला, पांढरा रंग दिला, तो सुकायची वाट बघत बसली. अपेक्षाचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. अंगण झाड बाई, उंबरठा धू. राजा येतो पायी, ओळखशील का तू? मालूच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की तिला वाटलं, समोरच्या मूर्तीलाही ते ऐकू जाईल. जत्रेला निघालेल्या पोरीचं होतं तसं. या वयाला शोभणारं नव्हे. तिनं ब्रशाचं टोक ओठांवर फिरवून बारीक केलं. बोलता येत नाही म्हणून आठवण मोकळी सुटली.

रोह्याला, नदीच्या अंगाला, दवाखान्यामागं सालोमीबाईंची खोली होती. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. नगरकडच्या, ख्रिस्ती, पांढरं पातळ, कपाळ मोकळं, अंगाला साबणाचा आणि औषधाचा वास. मालूची आई, काशीबाई, पोटुशी होती आणि आधीची दोन बाळं हाताला लागली नव्हती. पेणकडच्या खारातल्या, खाडीकाठच्या त्यांच्या गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा बाबांनी तिला मिठागराच्या ट्रकमधून रोह्याला आणलं आणि मालूला मागं ठेवायला कुणी नाही म्हणून तिलाही. आई दवाखान्यात उताणी पडलेली, उठायचं नाही, बसायचं नाही. मालू नर्सबाईंकडे. ती पहिल्याच संध्याकाळी दार लावायला गेली आणि मागून तो आवाज आला. दार लोट, मालू, पण कडी घालू नकोस. का, असं तिनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, आगमनाचे दिवस आहेत. आगमन हा शब्द तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढं पेणला येऊन तो इतक्यांदा ऐकावा लागला, गणपतीचं आगमन, ढोलताशे, ट्रॉल्या, बॅनर, की त्याचं काही वाटेनासं झालं. पेणमधून तर देव जातात, येतात ते दुसऱ्यांच्या गावाला. पण बाईंच्या तोंडी तो शब्द वेगळा होता. पितळी ताटात नदीची वाळू पसरून त्यांनी चार मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या, नाताळाआधीच्या एकेका रविवारची एक. पहिल्या रविवारी एकच लावली आणि गाण्याचं एकच कडवं म्हटलं. मालूला चारही तेव्हाच लावायच्या होत्या. बाई हसल्या. "आगमन म्हणजे आला असं नव्हे, पोरी. आगमन म्हणजे येतोय. आला की पानं वाढायची. येतोय तोवर घर आवरायचं." गाणं त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पुस्तकात नव्हतं, चर्चमध्येही म्हणत नसत. आमच्या ओट्यावरचं आहे, म्हणायच्या.

कोण येतोय, असं मालूनं विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, बाळ. झालं. मालूनं धरून ठेवलं की मेणबत्त्या, गाणं, झाडलेलं अंगण, सगळं आईच्या बाळासाठी चाललंय. ती दवाखान्यात जाऊन आईच्या पोटाशी तोंड नेऊन कडवं म्हणायची. बाईंनी तिची चूक दुरुस्त केली नाही. एकदा नुसतं म्हणाल्या, असू दे, तोही त्याच वाटेनं येतोय. दुसऱ्या रविवारी दुसरं, तिसऱ्या रविवारी तिसरं. हात कामाला लाव बाई, डोळा दारापाशी. झोपल्या घराला हाक पोचेल कशी? आणि त्या आठवड्यात, भर दुपारी, मालूचा भाऊ झाला. पुंडलिक. ओरडला असा की नदीवरच्या बायका वर बघायला लागल्या. मालू धावत आली, आता चौथं म्हणा, आला तो. बाईंनी हातातली कात्री उकळत्या पाण्यात टाकली आणि म्हणाल्या, हा तुझा आला, माझा यायचाय, रविवारपर्यंत दम धर. पण मिठागराचा ट्रक शनिवारीच परतत होता आणि बाबांना दुसरी सोय नव्हती. ज्याची वाट बघायची तो आला म्हणूनच वाट बघायचं गाणं अर्धं राहिलं. ट्रकपाशी मालू रडायला लागली. आईनं बाळ पदराखाली घेत घेत तिला ढोसलं, बाईंना येते म्हण गो. मालू म्हणाली, येते. आणि बाई एकदम गंभीर झाल्या, तिच्यासमोर खाली बसल्या, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बघ हं, येते म्हणालीस. जाते म्हणाली असतीस तर मी कडी घातली असती. आता तू आल्याशिवाय चौथं कडवं मी कुणापुढं म्हणायची नाही."

मालूनं उजव्या डोळ्यातला शेवटचा ठिपका ठेवला. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. त्या ठिपक्यानं मूर्ती बघायला लागते. ब्रश खाली ठेवताच ती म्हणाली, "अपेक्षा, चौथं म्हण."

अपेक्षा दचकली. मालूकाकी इतक्या पटकन कधी बोलत नसत. चौथं नाय काकी, तीनच हायत, ती म्हणाली, आणि मग तिला बोलायला विषयच मिळाला. तिच्या माहेरच्या, दवाखान्यामागच्या आळीत एक सालोमीआजी राहायच्या, अजूनही राहतात, पार म्हाताऱ्या, दिसायला कमी झालेलं, पण जीभ शाबूत. नाताळ जवळ आला की आळीतल्या पोरांना बोलावून रविवारी एकेक कडवं शिकवायच्या, वर शंकरपाळ्या. ख्रिस्ती घर तेवढं एकच, पण गाणं सगळ्या आळीला पाठ. चौथं मात्र कधी नाय. पोरं खिडकीखाली दबा धरून बसायची, आजी आत एकट्याच पुटपुटायच्या, पण पाऊल वाजलं की गप्प. विचारलं की म्हणायच्या, एक पोरगी यायची हाय, ती येते म्हणून गेली हाय. "मग आळीतली माणसं तिला येतेबाईच म्हणायला लागली. काय आजी, यंदा तरी येतेबाई येनार का, असं. आमचे बाबा बोलायचे, म्हातारीच्या डोक्यात काय ते भरलंय, कुणी नाय नि काय नाय." अपेक्षा हसत हसत वळली, आणि मालूकाकीचं तोंड बघून तिचं हसू जागच्या जागी राहिलं. "काकी, तुमी?" तिनं विचारलं. मालूनं मान हलवली. हो म्हणून की कुणास ठाऊक म्हणून, ते तिलाही कळलं नाही. लग्नानंतर एकदा ती रोह्याला जाऊन आली होती. खोलीला कुलूप होतं. बाईंची बदली झाली, नगरकडे गेल्या, असं कंपाउंडरनं सांगितलं होतं. तिथं ते गाणं संपलं, असं धरून ती चालली होती. रिटायर झाल्यावर परत आल्या काय, तिनं विचारलं, आणि अपेक्षा म्हणाली, व्हय, सगळे बोलले होते नगरला राहा म्हणून. तर आजी बोलल्या, त्या पोरीला हेच घर ठाऊक हाय, ती दुसरीकडं कशी येईल.

घरी येईपर्यंत मालूला रस्ता दिसलाच नाही. तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं. दत्तात्रेयनं पहिला घास घेतला, पाणी प्यायला, आणि काय झालं ते विचारलं. तिनं सांगितलं. हळू आवाजातच, पण मधे मधे तिचा आवाज पोरीसारखा चिरकत होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. दत्तात्रेय एसटीत कंडक्टर होता, पेण रोहा फेरी त्यानं वर्षानुवर्षं मारलेली. तो म्हणाला, म्हणजे मी सगळ्या जगाला रोह्याला नेऊन सोडलं आणि घरातलं पॅसेंजर स्टँडवरच राहिलं, कधी बोललीस नाय. मग तो जेवायचा थांबला. रोहा स्टँडवर एक पांढऱ्या पातळातली बाई यायची, तो म्हणाला, नाताळाच्या सुमारास, दर साल. पेणची गाडी लागली की दाराशी उभी राहून उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघायची. "मी एकदा बोललो, आजी, चढा की, जागा हाय. तर म्हणाली, मला जायचं नाही, मला न्यायचंय. मला वाटलं, असंल कुणाची वाट बघत." त्यानं ताटातला भात एका बाजूला सारला. "गाडी माझीच असायची, मालू," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मालूच्या पोटात फुलबाजी पेटल्यासारखं झालं. कारखान्यात डोळे आखताना हात स्थिर राही, पण मिटलेल्या ओठांमागं तिन्ही कडवी फिरत राहायची आणि तिसरं संपलं की पुढं एक रिकामी जागा यायची, दात पडल्यावर जीभ जाते तशी तिची जाणीव पुन्हा पुन्हा तिथं जायची. चौथ्यात काय असेल? दिवा झाला, अंगण झालं, जागरण झालं. आता काय उरलं? तो आला, असं असेल? मग एवढं राखून ठेवण्यासारखं काय त्यात. आयुष्यभर आपण वाट बघणाऱ्यातल्या, अशी तिची समजूत होती. लेकीची वाट, पावसाची, नवऱ्याच्या शेवटच्या फेरीची, दिवेलागणीला लक्ष्मीची. आपली कुणी वाट बघत असेल, दर साल, गाडीच्या दाराशी, तोंडं न्याहाळत, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. राजा येतो पायी, ओळखशील का तू? राजा नव्हे बाई, मी, खारातल्या काशीबाईची मालू, पांढऱ्या केसांची, बोटांना रंगाचे डाग. तिला हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरायचे.

शेवटच्या गुरुवारी तिनं उद्यापन केलं. कलश मांडला, पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, देवीचा मुखवटा. सवाष्णी आल्या, कहाणी वाचून झाली, हळदीकुंकू झालं, केळी वाटून झाली. अपेक्षाही आली होती. तिनं सांगितलं की चौथा रविवार येतोच आहे, आणि तिनं आजींना फोनवर काही कळवलेलं नाही, कळवू का? नको, मालू म्हणाली. आणि सगळ्या गेल्यावर, निरांजनाच्या उजेडात कलशासमोर एकटी बसल्यावर, तिच्या मनात निराळंच आलं. बाई इतकी वर्षं कशावर जगल्या? डोळे गेले, सोबतीच्या बायका गेल्या, नगरची माणसं बोलावत राहिली, आणि ही म्हातारी एका शब्दावर तग धरून बसली. येते. तो शब्द आपण जाऊन पुरा केला, चौथं कडवं म्हणून झालं, मग? वाट बघणं संपलं की माणसात काय उरतं? कदाचित आपण न जाण्यातच त्यांचं आयुष्य असेल. कदाचित ते दार उघडं ठेवून जगता येतं आणि कुणी आत आलं की नाही येत. आत्तापर्यंतची सगळी फुलबाजी विझल्यासारखी झाली. तिनं कुणाला सांगितलं नाही. दत्तात्रेयनं विचारलं, रविवारी पहिल्या गाडीनं ना? तिनं बघू म्हटलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती कधी बघू म्हणणारी बाई नव्हती.

शुक्रवारी सकाळी न्हाऊन तिनं उत्तरपूजा केली. हे तिला कधीच आवडत नसे. आदल्या दिवशी ज्या देवीला नटवायचं तिचाच कलश आपल्या हातानं हलवायचा, म्हणजे ती गेली. तिनं अक्षता वाहिल्या, कलशाला हात लावला, आणि दर वर्षी म्हणते ते सवयीनं म्हणाली. पुनरागमनाय च. हात कलशावरच राहिला. हे शब्द ती लग्न झाल्यापासून म्हणत होती, गणपती हलवताना, गौरी हलवताना, दर मार्गशीर्षात, आणि तिला ते जा म्हणायचेच शब्द वाटत होते. त्यात आगमन होतं. बाईंचं आगमन, येतोय ते, मधोमध बसलेलं. देवीला कुणी जा म्हणतच नाही. ट्रकपाशी आईनं आपल्याला जे म्हणायला लावलं तेच देवीकडून वदवून घ्यायचं. येते. म्हणूनच की काय कलश हलतो आणि घर रिकामं होत नाही, पुढच्या मार्गशीर्षाची डहाळी कुठंतरी वाढत असते. तिनं अपेक्षाला फोन लावला. अपेक्षा जेवत होती. मालूनं विचारलं, आळीतली पोरं चौथ्या रविवारी तिसरं कडवं म्हणून झाल्यावर काय करतात? काय करनार, अपेक्षा म्हणाली, आजी बोलतात, आता पुन्हा पहिल्यापासून. पुढल्या सालची तयारी. म्हणजे कुणी आलं तरी बाईंचं वाट बघणं संपणार नव्हतं. मालूनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच इतकी हसली की दत्तात्रेय चष्मा शोधत आत आला. फुलबाजी पुन्हा पेटली होती, आणि आता ती थांबणार नव्हती. कलशावरचा नारळ तिनं फोडला, खवला, शनिवारी त्याच्या करंज्या केल्या. देवीच्या कलशाचा नारळ येशूच्या फराळाला चालेल का, असा विचार एकदा मनात येऊन गेला. दोघंही उघड्या दारानंच यायची. ती सारण भरत राहिली.

रविवारी उजाडायच्या आत तिनं देवापुढं दिवा लावला, अंगण झाडलं, उंबरठ्यावर पाणी घातलं. हे ती रोजच करायची. आज मात्र आपण काय करतोय हे कळून हात चालत होते. थंडी होती, कुणाच्या तरी शेतात रात्री मडक्यात लावलेल्या पोपटीचा धूर अजून रेंगाळत होता, भाजलेल्या वालाचा वास. हिरवं लुगडं नेसून, करंज्यांचा डबा पिशवीत घालून ती दाराशी आली. दत्तात्रेय उठून बसला होता. गाडी कुठली, कुठल्या बाजूला बसायचं, ऊन कुठून येतं, सगळं त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आता त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालूनं चपला घातल्या आणि जन्मभर म्हणत आली तसं म्हणायला तोंड उघडलं, आणि तो शब्द ओठांवर येऊन थांबला, चालीतल्या त्या चढावर थांबतो तसा. हाच की काय तो चौथ्या कडव्यातला शब्द? गाणाऱ्याचा नव्हे, ज्याची वाट बघायची त्याचा शब्द. जाताना बाईंचा राजाही हेच म्हणून गेला असेल.

"येते," ती म्हणाली.

"ये," दत्तात्रेय म्हणाला, आणि दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं, गाडी सोडताना घंटीची दोरी दोनदा ओढायचा तसं.

तिनं दार लोटलं. कडी घातली नाही. स्टँडचे दिवे अजून चालू होते. चालता चालता तिनं पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं, अगदी हळू, आपल्यालाच ऐकू येईल एवढ्यानं, आणि पुढची जागा तशीच मोकळी ठेवून रोह्याच्या गाडीकडे पावलं उचलली.